वार्धक्य आणि शरीराचा तोल
(ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त झालेले भाषण)



१ ऑक्टोबर हा दिवस ज्येष्ठ नागरिकांसाठी पाळावा, असे संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली ठरविले. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील साठ वर्षांवरील लोकसंख्या दहा कोटींहून अधिक होती. एवढ्या मोठ्या समूहाच्या आरोग्याचा विचार करताना मधुमेह, रक्तदाब यांची चर्चा पुष्कळ होते. घरातल्या घरात पाय घसरून पडणे मात्र 'वयाचा दोष' म्हणून सोडून दिले जाते. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात, आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींची संख्या सर्वांत मोठी असते.

माणूस केवळ पायांच्या बळावर उभा राहत नाही. डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय व सांधे यांच्याकडून मेंदूला सतत वार्ता मिळत असते. तिच्या आधारे मेंदू आज्ञा देतो आणि स्नायू शरीर सावरतात. उतारवयात ही सारी यंत्रणा मंदावते. मोतीबिंदूमुळे पायरी नीट दिसत नाही. दीर्घकाळच्या मधुमेहाने तळपाय बधिर होतात. झोपेच्या वा रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे काहींना उठताच भोवळ येते. स्त्रियांची हाडे रजोनिवृत्तीनंतर वेगाने ठिसूळ होत असल्याने साध्या पडण्यानेही मनगटाचे किंवा खुब्याचे हाड मोडते.

एकदा आजी पडल्या, की घरची माणसे मायेपोटी म्हणतात, "आता तुम्ही एका जागी बसून राहा." आजोबांनाही हाच सल्ला मिळतो. परंतु बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, मनातील भीती वाढते आणि तोल अधिकच बिघडतो. सराव हाच यावरील खरा उपाय होय. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, १०८ चाचण्यांच्या आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, पावलापुढे पाऊल जोडून सरळ रेषेत चालणे, खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे, एवढ्यानेही आरंभ करता येतो. प्रारंभी जवळ कोणीतरी असावे.

धोका ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. खुर्चीवरून उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर जावे, वळून परत यावे व बसावे. यास बारा सेकंद वा अधिक वेळ लागल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. चालू असलेली औषधेही डॉक्टरांना दाखवावीत. परस्पर बंद करू नयेत.

घराकडेही लक्ष हवे. न्हाणीघरातील शेवाळ, उंच उंबरठा, सैल वहाणा आणि शौचालयाच्या वाटेवरील अंधार ही धोक्याची ठिकाणे होत. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील अशा जागा शोधाव्यात, यासाठी शिक्षकांना पुढाकार घेता येईल. पंचायत सदस्यांनी कार्यालय, दवाखाना व पाणवठा येथील पायऱ्यांना कठडा आणि वाटेवर दिवा आहे की नाही, हे पाहावे.

वृद्ध माणूस स्वतःच्या पायांनी देवळापर्यंत आणि चावडीपर्यंत जातो, तोवर तो गावाच्या व्यवहारात सहभागी असतो. त्याचे हे चालणे टिकविण्यासाठी लागणारा खर्च अल्प आहे. त्याकडे वेळीच लक्ष पुरविणे अधिक अगत्याचे आहे.