कोंबडीचा रोग माणसात कसा उतरतो?

(शेतकरी बांधवांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. वक्ते : कृषी विस्तार अधिकारी, पंचायत समिती)



आज पीकपाणी थोडे बाजूला ठेवून कोंबड्यांविषयी बोलणार आहे. मी शेतकी पदवीधर, गुरांचा डॉक्टर नव्हे. पण गावात कोंबड्यांत मर लागली की पहिला निरोप पुष्कळदा माझ्याकडेच येतो. मागोमाग प्रश्न येतो, "साहेब, बर्ड फ्लू माणसाला होतो म्हणतात, ते खरं का?"

खरे आहे, पण सहजासहजी होत नाही. का होत नाही आणि कधी होऊ शकतो, हे कळले की काळजी कुठे घ्यायची तेही कळेल.

आपल्या देशात हा रोग प्रथम सापडला तो आपल्याच महाराष्ट्रात, फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. तरी त्या साथीत एकाही माणसाला लागण झाल्याचे तपासणीत निघाले नाही. उलट जुलै २०२१ मध्ये हरियाणातला एक लहान मुलगा याच रोगाने दिल्लीच्या रुग्णालयात दगावला. म्हणजे दार बंद असते, पण फट असते.

किल्ली आणि कुलूप

रोगाचा विषाणू अंगात शिरतो तो किल्ली लावल्यासारखा. त्याच्या अंगावर किल्ली असते आणि आपल्या शरीरातल्या पेशींवर कुलूप. पाखरांच्या आतड्यातले कुलूप एका घडणीचे, माणसाच्या नाका-घशातले दुसऱ्या घडणीचे. त्यामुळे कोंबडीच्या विषाणूची किल्ली आपल्या घशात नीट बसत नाही. मात्र पाखरासारखी कुलपे आपल्या फुप्फुसात अगदी खोलवर आहेत. आजारी कोंबडी सोलताना, खुराड्यातली विष्ठा झाडताना उडालेला कण तिथवर पोचला, तर रोग होतो आणि तो जबर होतो. २००३ सालापासून जगभरात नऊशेहून अधिक माणसांना ही लागण झाल्याची नोंद आहे आणि त्यांतली जवळजवळ निम्मी दगावली.

दुसरी अडचण उष्णतेची. कोंबडीचे अंग ४१ अंशांच्या आसपास गरम, तर माणसाचे नाक ३३ अंशांचे. उन्हाळी वाण थंडीत पेरले तर जोमाने वाढत नाही, तसे या विषाणूचे आपल्या नाकात होते.

मग तो बदलतो कसा?

इथे बोंडअळीची आठवण करा. बीटी कपाशी आली तेव्हा गुलाबी बोंडअळी तिच्यावर मरत होती. २०१७ साली विदर्भात तीच अळी बीटीच्या बोंडात सापडली. अळीला कोणी शिकवले नाही. लाखो अळ्यांत दोन-चार निराळ्या निघाल्या, त्या जगल्या आणि पुढची पिढी त्यांची झाली.

विषाणूचेही तसेच. तो एका कोंबडीत कोट्यवधींनी वाढतो आणि स्वतःची नक्कल करताना फार चुका करतो. बहुतेक चुका त्यालाच मारक ठरतात. पण एखादीने किल्ली थोडी वेगळी होते, एखादीने थंडाव्यात वाढण्याची ताकद येते. कोंबडीत त्या चुकीचा काही फायदा नसतो. पण तोच विषाणू माणसाच्या किंवा डुकराच्या अंगात असला, तर ती चूक त्याला उपयोगी पडते आणि तोच वाण पुढे टिकतो. असे बदल किती लागतील? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले, की मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट नावाच्या प्राण्यांत हा रोग हवेतून पसरायला मोजकेच बदल पुरले.

दुसरा मार्ग संकराचा. या विषाणूचे बियाणे आठ सुट्या तुकड्यांत असते. एकाच जनावरात दोन जातींचे विषाणू शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन नवाच संकरित वाण निपजतो. डुकरात दोन्ही घडणींची कुलपे असतात, म्हणून तिथे हे सोपे जाते. १९५७ आणि १९६८ साली जगभर फ्लूच्या साथी आल्या, त्यांच्या विषाणूंत पाखरांच्या विषाणूचे तुकडे होते. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने लोकांना तोंडाला रुमाल बांधायला लावले, त्या विषाणूतही पाखरू, डुक्कर आणि माणूस या तिघांचा वाटा होता.

कोंबड्यांचा एच५एन१ विषाणू अजून माणसांत एकाकडून दुसऱ्याकडे साथीसारखा पसरत नाही. पण आजारी पाखरातून तो जितक्या वेळा माणसात शिरेल, तितक्या वेळा त्याला बदलण्याची संधी मिळेल. ही संधी कमी करणे आपल्या हातात आहे. १९९७ साली हाँगकाँगमध्ये या रोगाने १८ जण आजारी पडले, ६ दगावले. तेव्हा तिथल्या सुमारे १५ लाख कोंबड्या काही दिवसांत नष्ट केल्या आणि माणसांतली लागण थांबली.

लपवू नका

एकदा आमच्या भागात मर लागली होती. एका मावशींनी सरकारी माणसं येणार म्हणून चार कोंबड्या घरात डालग्याखाली झाकून ठेवल्या. त्याच खोलीत त्यांची नातवंडे झोपत. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "दादा, शाळेच्या वह्या या अंड्यांवर येतात, त्या कशा देऊ?" मला पटकन उत्तर सुचले नाही. पुढे तपासणीत तो राणीखेत निघाला. लवकर कळवले असते, तर शेजारपाजारच्या निरोगी कोंबड्यांना वेळेवर लस टोचता आली असती.

आणि समजा, बर्ड फ्लूच निघाला तर? साधारण एक किलोमीटरच्या आतली पाखरे नष्ट करतात, हे खरे. पण भरपाई मिळते ती नष्ट केलेल्या जिवंत पाखरांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे उशीर केला की पैसाही जातो आणि घरातल्या पोरांनाही धोका.

एवढे करा

१. पाखरे एकाएकी जास्त मरू लागली, तुरा निळा पडला, डोके सुजले, अंडी एकदम थांबली, किंवा गावात कावळे मरून पडले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

२. मेलेल्या पाखराला उघड्या हाताने शिवू नका. ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. डॉक्टर सांगतील तसे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

३. आजारी कोंबडी स्वस्तात विकू नका, कापू नका, खाऊ नका.

४. खुराडे झाडताना नाका-तोंडाला फडके बांधा. आधी पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडणार नाही. नंतर हातपाय साबणाने धुवा.

५. कोंबड्या, बदके आणि डुकरे एकत्र ठेवू नका. मुलांना खुराड्यापाशी खेळू देऊ नका.

६. निरोगी कोंबडीचे मटण आणि अंडी पूर्ण शिजवून खायला हरकत नाही. ७० अंश उष्णतेला हा विषाणू मरतो.

७. आजारी पाखरांशी संबंध आल्यावर ताप, खोकला, दम लागला, तर डॉक्टरांना कोंबड्यांची गोष्ट आधी सांगा. औषध लवकर सुरू झाले तर गुण येतो.

बोंडअळी शेतभर पसरल्यावर कितीही फवारले तरी हाती काय लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिली डोमकळी दिसली की ती खुडायची असते. कोंबडीच्या बाबतीतही पहिले मेलेले पाखरू म्हणजे ती डोमकळीच समजा.