शिट्टी हाती राहावी म्हणून

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलींच्या कबड्डीच्या सामन्यांत मी हौसेने पंच म्हणून उभी राहते, म्हणून आज मला इथे बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत बोलायची सवय नाही. शब्दांत काही कमीजास्त झाले तर सांभाळून घ्यावे. पुष्कळजणी मला विचारतात, "वहिनी, उन्हातान्हात उभे राहायचे, वर लोकांची बोलणी खायची, तुमचा उत्साह टिकतो तरी कसा?" त्याचेच उत्तर आज सांगते.

आधी पंचाचे काम किती असते ते पाहू. स्त्रियांच्या सामन्यात १५-१५ मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटे विश्रांती. एक चढाई फार तर ३० सेकंदांची. म्हणजे एका सामन्यात साठेक चढाया होतात. चढाई करणारी 'कबड्डी, कबड्डी' स्पष्ट म्हणते का, तिने निदान रेषा ओलांडली का, हात नेमका कोणाला लागला, बाजूच्या राखीव पट्ट्यात पाय केव्हा पडला, हे सारे डोळ्यांत तेल घालून पाहायचे आणि लगेच सांगायचे. साठ निर्णयांपैकी एखाद्यावर आरडाओरडा होतो. बाकीचे बिनतक्रार पार पडतात, पण त्यांची आठवण कोणी काढत नाही. घरचा स्वयंपाक तरी याहून वेगळा कुठे आहे? रोजच्या बऱ्या भाजीला कोणी नाव घेत नाही, खारट झाली की सारे घर बोलते! मी तेव्हा त्या एका ओरड्याला मोजत नाही, उरलेल्या निर्णयांना मोजते.

आता कोणी म्हणेल, आपल्या गल्लीतल्या सामन्याचे एवढे काय? तर मोठ्या ठिकाणचेच उदाहरण घ्या. चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई खेळ झाले. तिथे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरुषांच्या कबड्डीची अंतिम लढत भारत आणि इराण यांच्यात होती. गुण २८-२८ असे बरोबरीत, वेळ संपत आलेली. आपला चढाई करणारा पवन सेहरावत कोणाला हात न लावताच राखीव पट्ट्यात गेला आणि त्याच्यामागे इराणचे खेळाडूही गेले. आता बाद कोण? नियम जुना धरायचा की नवा, यावरच वाद माजला. निर्णय फिरले, खेळाडू मैदानातच बसून राहिले आणि सुमारे तासभर खेळ थांबला. शेवटी आपण ३३-२९ असे जिंकलो. त्याच दिवशी आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. भगिनींनो, एका गुणाचा फरक! एक गुण म्हणजे पंचाचा एक निर्णय. तो आपल्याकडून नीट दिला जावा, ही ओढ मनात असली की कंटाळा येत नाही.

यातून मी एक गोष्ट पक्की धरली आहे. सामन्याआधी दोन्ही संघांच्या कर्णधार मुलींना बोलावून कोणता नियम चालेल ते सांगून टाकायचे. फक्कीच्या रेषा पुसट असतील तर पुन्हा ओढून घ्यायच्या. निम्मी भांडणे तिथेच मिटतात. आपल्या घरची मुलगी खेळत असेल तर शिट्टी दुसरीच्या हाती द्यायची. आणि निर्णय दिल्यावर प्रेक्षकांशी हुज्जत घालायची नाही.

बोलणी मात्र खावी लागतात, हे खरे. एकदा शेजारच्या वसाहतीत एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "बाई, घरी जाऊन पोळ्या लाटा!" लोक हसले. मलाही लागलेच. वाटले, कशाला हा उपद्व्याप? पण सामना संपल्यावर हरलेल्या संघातली एक लहानशी मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, मी कशी बाद झाले?" रेषेबाहेर पडलेला तिच्या पायाचा ठसा मी तिला दाखवला. तिने तो नीट पाहिला, मान डोलावली आणि गेली. हरूनही तिच्या मनात किल्मिष राहिले नाही. त्या गृहस्थांच्या बोलण्यापेक्षा तिच्या मान डोलावण्याचे वजन मला जास्त वाटले.

उत्साहालाही खतपाणी लागते. पाय चालते राहावेत म्हणून मी पहाटे फिरते. दोघीतिघी पंच मिळून सामन्यानंतर चहा घेतो आणि अवघड निर्णयांवर बोलतो. एकटीच्या मनात बोच राहत नाही. आयोजकांनी रिक्षाचे भाडे दिले तर संकोच न करता घ्यावे. अंग थकले तर एखादा आठवडा सरळ नाही म्हणावे. ओढूनताणून धरलेली शिट्टी नीट वाजत नाही.

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवून खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आपल्या मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्याची. अशा मुली एकदम दिल्लीला पोहोचत नसतात. आधी कुठल्या तरी लहान मैदानावर कोणीतरी शिट्टी घेऊन उभे राहते, तेव्हा त्यांचा खेळ नियमात बसतो. पंच नसेल तर सामना होत नाही, झाला तर भांडणात संपतो. आणि भांडण झाले की आधी मुलींचे खेळणे बंद होते, हे मी आपल्या छत्रपती संभाजीनगरात पाहिले आहे. आईबाप म्हणतात, "नको ते मैदान."

म्हणून दोनच विनंत्या करते. शेजारच्या मंडळींनी मुलींना खुशाल टाळ्या द्याव्यात, पण निर्णय पंचावर सोडावा. आणि मंडळातल्या निदान दोघींनी दर शनिवारी संध्याकाळी तासभर माझ्याबरोबर नियमांचे पुस्तक घेऊन बसावे. शिक्षण कमी आहे म्हणून मागे राहू नका. उद्या माझे गुडघे थकले तरी मुलींचा सामना थांबता कामा नये.