चित्र दिसतं, कथा ऐकावी लागते



सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी नावाचं गाव आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा टिकवली. एका आख्यानाची चित्रं एकत्र ठेवलेली असतात, त्या संचाला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारतातला प्रसंग गाऊन सांगतो. चित्रात काय असतं? समोरासमोर ठाकलेले दोन वीर, ताणलेलं धनुष्य, मोठाले डोळे. बाण का सुटला, कोण काय बोललं, कुणाचा ऊर भरून आला, हे सगळं गाण्यात. त्याच चित्रावर कथेकरी थोडा वेळ थांबेल किंवा बराच रेंगाळेल. समोरची माणसं कशी ऐकताहेत, त्यावर ते ठरतं.

आता १९६७मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेली ‘अमर चित्र कथा’ ही कॉमिक्स-मालिका घ्या. पुराणकथा त्याच, पण सांगणारा माणूस समोर नाही. त्याचं निवेदन वरच्या चौकटीत गेलं, पात्रांचं बोलणं फुग्यात. एका चौकटीत गदा उगारलेली, पुढच्या चौकटीत शत्रू खाली पडलेला. मधला घाव मूल स्वतःच्या मनात घालतं. वाटलं तर पान उलटून मागे जातं. कथेची गती इथे वाचणाऱ्याच्या हातात आली.

दादासाहेब फाळके यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात चित्र हललं, पण ते मुकं होतं. मजकुराच्या पाट्या दृश्यांच्या मधे यायच्या. म्हणजे आधी वाचा, मग पाहा. दोन्ही एकदम नाही.

शाळेत अशी तुलना करायची तर मला एकच प्रश्न पुरेसा वाटतो : चित्र आणि शब्द यांतलं एक काढून घेतलं, तर कथेचं काय उरतं? फुगे झाकून पाहा, पडद्यावरच्या पाट्या वगळून पाहा. मुलं आपोआप बोलू लागतात.

हाच प्रश्न चित्रकथीला लावला की माझा जीव कासावीस होतो. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१चा पद्मश्री जाहीर झाला, याचा आनंद फार मोठा आहे. तरीही काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगलेली चित्रकथी अर्धीच असते. चित्रं संग्रहालयात टिकतील. ती गाणारे गळे टिकवायला ऐकणारे हवेत.

पिंगुळीला गेलात तर चित्र अवश्य विकत घ्या. पण त्याआधी, ते गाऊन ऐकवाल का, असं विचारा.