पाण्याच्या पायऱ्या चढणारी नाव

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकडे जाणारा ‘कनाल द्यू मिदी’ हा सुमारे 240 किलोमीटरचा कालवा. पिएर-पोल रिके यांनी 1666 मध्ये त्याचं काम हाती घेतलं. 1681 मध्ये तो खुला झाला, पण आदल्याच वर्षी रिके वारले. आज इथे भाड्याच्या नावेतून दिवसभर संथ फिरता येतं. चढ आला की नाव दोन दरवाजांमधल्या हौदात शिरते. मागचा दरवाजा बंद होतो, वरचं पाणी आत सोडतात, नाव अलगद उचलली जाते आणि पुढचा दरवाजा उघडतो. बेझिए शहराजवळ तर असे हौद जिन्यासारखे एकाला एक जोडलेले आहेत. 1996 पासून हा कालवा जागतिक वारसा आहे. फ्रान्सला गेलात, तर एक दिवस त्याच्यासाठी जरूर राखून ठेवा.