पडणारा नारळ आणि ऊर्जेचा हिशेब



वीस मीटर उंच माडावरून दीड किलोचा नारळ सुटला. देठाशी होता तेव्हा त्याच्यात २९४ ज्यूल स्थितिज ऊर्जा होती. हवेचा विरोध सोडून दिला, तर दहा मीटरवर १४७ स्थितिज आणि १४७ गतिज, बेरीज तीच. मात्र निम्म्या वाटेवर वेग निम्मा नसतो. तेथे तो सेकंदाला १४ मीटर, जमिनीशी १९.८. मुले हमखास इथेच फसतात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. अठराव्या शतकात हॉलंडच्या ग्राव्हेसांडे यांनी पितळी गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले. दुप्पट वेगाचा गोळा चौपट खोल रुतला.

जमिनीवर ही ऊर्जा संपते काय? नाही. उष्णता, आवाज आणि मोडतोड यांत ती वाटली जाते.

आता मोटारसायकलवाल्या मुलांसाठी. ताशी ३० किलोमीटरने आदळणे म्हणजे साडेतीन मीटरवरून पडणे. ताशी ६० ने आदळणे म्हणजे सात नव्हे, चौदा मीटरवरून. जवळजवळ चार मजली इमारतीच्या गच्चीवरून! हेल्मेटच्या आतला थर चिरडतो तो याच ऊर्जेचा काही वाटा घेऊन. डोक्याच्या वाट्याला तेवढी कमी येते.