दिलेले यंत्र आणि राखलेले यंत्र

(संस्थेच्या वार्षिक समारंभात सातारा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

विषय तांत्रिक वाटेल. परंतु तो तुमच्या देणगीशी आणि तुमच्या मुलांच्या शिक्षणाशी निगडित आहे. एखादा दानशूर गृहस्थ शाळेला दहा छोटे संगणक-बोर्ड देतो. फोटो निघतो, टाळ्या पडतात. चार-पाच वर्षांनी बोर्ड सुरू होतो, पडदा उजळतो, पण वाय-फाय काही लागत नाही. सारे म्हणतात, "यंत्र बिघडले." पुष्कळदा यंत्र धड असते, त्याचा दुभाष्या नाहीसा झालेला असतो.

हा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. वाय-फायच्या चिपची बोली निराळी आणि संगणकाच्या कार्यप्रणालीची निराळी. दोघांत बोलणे घडवून आणणारा छोटा प्रोग्रॅम तो ड्रायव्हर. शिवाय बहुतेक चिपच्या पोटात तिचा स्वतःचा एक प्रोग्रॅम चालतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. दोहोंपैकी एक नसला तरी चिप मुकी.

अशा बोर्डांवर बहुधा लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली असते. तिच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि आतील मांडणी बदलत जाते. जो ड्रायव्हर गाभ्यातच सामील झालेला असतो, तो त्या बदलांबरोबर दुरुस्त होत राहतो. जो कंपनीने वेगळा, बाहेरून दिलेला असतो, तो मात्र मागे पडतो. मग जुनी प्रणाली ठेवावी तर सुरक्षितता जाते, आणि नवी घ्यावी तर वाय-फाय जाते.

आपल्याच राज्यातील उदाहरण पाहा. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग 2007 साली रायगड जिल्ह्यातील खैराट येथील छोट्या एकशिक्षकी शाळेत झाला. एक्सओ नावाचा तो हिरवा-पांढरा लॅपटॉप. त्यात 256 मेगाबाइट स्मृती आणि मार्व्हेल कंपनीची वाय-फाय चिप. आसपासचे लॅपटॉप मधल्या यंत्रावाचून आपापसांत जाळे विणतील, ही त्याची खुबी. चिपचा 'लिबर्टस' नावाचा ड्रायव्हर खुला होता आणि त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात आला. परंतु जाळे विणण्याची करामत होती फर्मवेअरमध्ये, आणि ते बंद होते. त्यातला दोष कंपनीवाचून कोणी काढू शकत नव्हते.

लिनक्सच्या गाभ्यात एक नोंदवही असते. कोणत्या ड्रायव्हरची देखभाल कोणाकडे, हे तीत लिहिलेले असते. वक्फच्या मालमत्तेला जसा मुतवल्ली, तसा ड्रायव्हरला हा सांभाळणारा. सांभाळणारा उरला नाही, की नावापुढे शेरा पडतो, "पोरका". लिबर्टसच्या नोंदीपुढे पुढे हाच शेरा लागला. पोरका ड्रायव्हर लगेच बंद पडत नाही. पण त्याची विचारपूस करणारा कोणी राहत नाही. 2023-24 मध्ये जुन्या वाय-फाय कार्डांचे कित्येक ड्रायव्हर गाभ्यातून काढूनच टाकण्यात आले.

म्हणून विश्वस्तहो, पुढच्या खरेदीच्या वेळी दुकानदाराला किमतीआधी तीन प्रश्न विचारा. चिप नेमकी कोणती? तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आहे की बाहेरचा? तिचे फर्मवेअर मोकळेपणाने वाटण्याची परवानगी आहे काय? रास्पबेरी पाय हा बोर्ड 2012 साली निघाला तेव्हा त्यावर वाय-फाय नव्हते. ते 2016 च्या तिसऱ्या बोर्डापासून आले. तोवर यूएसबीची बोटभर डबी लावावी लागे. अशा डब्या आजही विकत मिळतात. वरचे नाव तेच, खोकेही तेच, आणि आतली चिप मात्र निराळी, असा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एक नमुना आणून चालवून पाहावा, मगच बाकीचे घ्यावेत.

विद्यार्थीमित्रांनो, आता तुमच्यासाठी. लिनक्सचा सारा मजकूर जगाला खुला आहे. दुरुस्ती ई-मेलने पाठवता येते. ती तपासणारे तुमचे गाव, जात, धर्म, कॉलेज विचारीत नाहीत. दुरुस्ती बरोबर आहे की नाही, एवढेच पाहतात. ते कठोर बोलतील, पाच वेळा परत पाठवतील, खचू नका. सी भाषा शिका. एखाद्या बोर्डावर दोष आढळला तर तो नीट नोंदवून कळवा. तेथूनच सुरुवात होते.

ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीला बसविले आणि स्वावलंबनाचा धडा दिला, तेथे ही गोष्ट फार फोड करून सांगायला नको.

आपल्याकडे सदका-ए-जारिया म्हणतात तो विहिरीचा, झाडाचा, इल्मचा. विहीर खणणाऱ्याला पुण्य आहेच. पण तिचा गाळ कोणी उपसला नाही, तर पुढच्या पिढीला पाणी कोठून? यंत्रे देणारे आपल्यात आहेत, अल्लाह त्यांना बरकत देवो. आता गाळ उपसणारे हवेत. आपल्या शाळेतील एका मुलीचे किंवा मुलाचे नाव उद्या त्या नोंदवहीत एखाद्या पोरक्या ड्रायव्हरपुढे लागले, तर जगातील कुठल्या कुठल्या शाळांत बंद पडलेले वाय-फाय पुन्हा लागेल. एवढी उमेद बाळगून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.