घागरीतला आवाज

आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरातून, मोर्णेकाठून बोलतो आहोत. आमच्या गटातल्या एका ताईंकडे हॅम रेडिओचा परवाना आहे. या रेडिओवर ऐकताही येतं, बोलताही येतं. सेट सासऱ्यांचा, जुना, व्हॉल्व्हचा. पण ताई बोलल्या की पलीकडचे म्हणत, “घागरीत बोलल्यासारखं घुमतं, गावाचं नावच कळत नाही.”

पुरात मोबाईल बंद पडले तर असा निरोप काय कामाचा? २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद यांनी अंदमानातून हॅम रेडिओवरच लोकांची खुशाली कळवली होती.

दोष ताईंच्या गळ्यात नव्हता. (आधी सगळ्यांनी तोच काढला!) माइकचा आवाज एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे नेणारा कंडेन्सर ०.०१ मायक्रोफॅरडचा होता. जाणत्या मेकॅनिकदादांनी तिथं ०.००१ चा लावला. लहान कंडेन्सर जाड, घुमणारा आवाज अडवतो. शब्द ज्यानं कळतात तो साधारण ३०० ते ३००० हर्ट्झचा आवाज पुढं जातो. सेट बंद केला तरी आत शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात, म्हणून आम्ही स्वतः हात लावला नाही.

संध्याकाळी ताई म्हणाल्या, “बाळापूर.” पलीकडून लगेच आलं, “हो, बाळापूर. पुढं सांगा.”